माघातली बंडी आणि शंभर-नव्वदचे बल्ब

नमस्कार श्रोतेहो.

कापूस जिनिंगकडं निघाला, तुरी सोंगून झाल्या, लग्नाच्या तिथी निघाल्या. आता आपल्याकडची माणसं रात्री-बेरात्री रस्त्यावर राहणार. वरातीचं तर विचारूच नका. मुहूर्त गोरजाचा असतो आणि नवरदेव रात्री नवाला गावात शिरतो, यावर कुणीतरी एकदा वेगळं भाषण द्यायला पाहिजे. असो. माझा आजचा विषय आहे गाडीचे लाइट. त्यातही, जास्तीचे लाइट.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गाडी घेऊन मेकॅनिककडं गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सर, कंपनीच्या बल्बात काही दम नसते. शंभर-नव्वद टाकून देतो, रात्रीचा दिवस होते पाहा." आता शंभर-नव्वदची जागा एलईडीनं घेतली, वाक्य तेच राहिलं.

शंभर-नव्वद म्हणजे वॅट. साध्या हॅलोजनच्या गाडीत कंपनीचा जो बल्ब येतो, त्यावर बहुतेक वेळा ६०/५५ लिहिलेलं असतं. अप्परला, म्हणजे लांब जाणाऱ्या उजेडाला, ६०; डिपरला, म्हणजे खाली वळवलेल्या उजेडाला, ५५. एकाच बल्बात दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. उडालेला बल्ब हातात घेऊन पाहा, दिसते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते. तो उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला असता, तर उसळून वर गेला असता, सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणजे सगळी करामत त्या वाटीची आणि तारेच्या नेमक्या जागेची. तार जराशी सरकली की फोकस बिघडला. बाजारातून आणून बसवलेल्या एलईडीत तार नसते, दोन बाजूंना चिपा चिकटवलेल्या असतात. हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर तिथं गोंधळतो आणि उजेड वाटेल तिकडं फेकतो. झाडावर, विजेच्या तारांवर, फटफटीवाल्याच्या तोंडावर. ज्या गाड्या कंपनीतूनच एलईडी घेऊन येतात, त्यांची घडण निराळी. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

तेव्हा एक लक्षात ठेवा. बल्ब कंपनीचाच, काच स्वच्छ, रोख खाली. पुढं पुन्हा सांगेन.

आता माझी गोष्ट. ही मी इतक्या वेळा सांगितली आहे की मी सुरुवात केली की आमच्या घरची मंडळी उठून स्वयंपाकघरात जातात. खरं तर गोष्टीत आमच्या हिचाही पार्ट आहे, आणि माझ्यापेक्षा चांगला आहे.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. विज्ञान, बरं का! परावर्तनाचे किरण फळ्यावर पट्टीनं काढणारा माणूस. आणि मीच त्या वाक्याला भुललो. जुनी घेतलेली व्हॅन होती, तिला शंभर-नव्वद टाकून घेतले, वायरी जळू नयेत म्हणून रिले, म्हणजे जास्तीचा करंट पेलणारा खटकाही बसवला. पहिल्या रात्री मुद्दाम गावाबाहेर एक चक्कर मारली. खरंच दिवस झाला होता. बाभळीवरची घरटी मोजून घ्यावी इतका उजेड. घरटी दिसतात म्हणजे उजेड भलतीकडं चाललाय, हे विज्ञानाच्या मास्तराला तेव्हा सुचलं नाही.

माघाची थंडी होती. सासुरवाडीहून राळेगावकडून कळंबच्या रस्त्यानं आम्ही दोघं परत निघालो. मागं तीन पोती तूर, एक पोतं ज्वारी, आणि सासूबाईंनी दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा. व्हॅनचा मागचा भाग खाली बसलेला, नाक वर. समोरून येणारा जो तो मला डिपर मारायचा. मला वाटायचं, काय खोडकर लोक आहेत! मीही उलट अप्पर मारायचो. एक ट्रकवाला तर गाडी हळू करून काहीतरी बोलला. काच बंद होती, हे बरंच झालं.

एक वळण संपलं आणि लांबवर चार हिरवट दिवे चमकले. बैलांचे डोळे. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी होती, ताडपत्री बांधलेली, खाली कंदील लटकवलेला. सकाळी जिनिंगला नंबर लागावा म्हणून रातोरात निघालेली. मी अप्परवरच होतो. मोटार असती तर कदाचित डिपर दिला असता. बैलांना कशाला द्यायचा?

बैल जागच्या जागी थबकले. मग डावीकडच्यानं मान फिरवली, जू वाकडं झालं, आणि बंडीचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं. कापसाचा तो डोंगर हळूच एका बाभळीला टेकला. मी ब्रेक मारून उभा. बंडी हाकणारा धुरकरी म्हातारा खाली उतरला. आधी दोन्ही बैलांच्या मानेवरून हात फिरवला, कानात काहीतरी बोलला. मग माझ्याकडं आला. आता शिव्या, म्हणून मी तयारीत होतो.

"भाऊ, थे लाइट बंद करा अगोदर."

मी बंद केले.

"तुमाले आमी दिसलो का?"

"दिसलात ना. लांबूनच दिसली बंडी."

"मंग आमाले काय दिसलं, थे पाहून घ्या. या. बसा माह्या जाग्यावर."

आणि श्रोतेहो, त्यानं मला खरोखर त्या कललेल्या बंडीवर चढवलं. कासरा हातात दिला. "आता बाईले सांगा, लावा मना लाइट."

आमच्या हिनं तोवर गाडीतल्या कुठल्याही दांडीला हात लावलेला नव्हता. आधी वायपर सुरू झालं. कोरड्या काचेवर ते खर्र खर्र करत फिरत राहिलं. मग हॉर्न वाजला, बैल बिचकले, म्हातारा म्हणाला, "हळू, माय." आणि मग लाइट लागला.

मी धुरेवर बसलो होतो. बैल माझ्या गुडघ्यांपुढं. शेपटीला हात पुरेल इतके जवळ. आणि मला दिसत होती फक्त चार काळी शिंगं. बाकी सगळं पांढरं. रस्ता पांढरा, नाला पांढरा, शेत पांढरं.

"सांगा आता, सडकेची कड कोठी हाये?"

मी अंदाजानं बोट दाखवलं.

"थो नाला हाये," म्हातारा शांतपणे म्हणाला.

मी ओरडलो, "पुरे, पुरे, बंद कर!" पण हिला तो खटका सापडल्याचा एवढा आनंद झाला होता की तिनं तो अजून दोनदा वर-खाली करून पाहिला. शेवटी अंधार झाला. आणि खरी फजिती पुढंच होती. डोळ्यांपुढं जांभळे-हिरवे गोळे तरंगत राहिले. खाली उतरताना पाय कुठं ठेवायचा कळेना, मी सरळ ढुंगणावर बसलो. म्हाताऱ्यानं बिडी पेटवली. तेवढी काडी मला दिसली. "जाईन थे थोड्या वेळानं," म्हणाला. "बैलाईचं बी जाते. तोवर थांबा लागते."

तासाभरानं एक ट्रॅक्टर आला, चार हात लागले, बंडी वर आली. कापूस सांडला नाही, बैलाला लागलं नाही, हे नशीब. तो डबा अख्खा रिकामा करून हिनं लाडू त्याच्या धोतराच्या सोग्यात दिले. त्यानं मला एक शब्द वाकडा बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी आतापर्यंत विसरलो असतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडं जाऊन जुने ६०/५५ परत बसवले. तो म्हणाला, "काय सर, दिवस पसंत नाही आला?"

आता थोडं फळ्यावरचं. प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली आक्रसते. उजेड गेल्यावर ती रुंदावते, पण अंधारात बघायचं रसायन डोळ्यात पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. पूर्ण सावरायला वीस ते तीस मिनिटं. म्हणून गावाबाहेर पडल्यावर हळूहळू अंधारात दिसायला लागतं ना, तेच. वय झालं की हा वेळ वाढतो, आणि मोतीबिंदू असला तर उजेड डोळ्यातच फाकतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद अंधारी आली तर ५० मीटर गाडी आंधळी. त्या ५० मीटरमध्ये आपल्याकडं काय काय असतं? रोही, म्हणजे नीलगाय असते, रानडुक्कर असतं, सायकलवरून परतणारा मजूर असतो, सडकेवर वाळायला घातलेलं सोयाबीन असतं.

नव्या सिमेंटच्या रस्त्यांचं मला विशेष वाटतं. रस्ता एक वीत उंच, आणि बाजूची पट्टी कित्येक ठिकाणी भरलेलीच नाही. डोळे दिपलेला फटफटीवाला एकदा खाली उतरला की वर चढताना पडलाच. गुळगुळीत रस्त्याचे फोटो सगळे काढतात, त्या कडेचा फोटो कुणी काढत नाही.

कायद्यातही ही गोष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलंय की समोर ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवणार नाही असा लाइट खाली वळवलेला पाहिजे. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाचे डोळे. पूर्वी त्यासाठीच हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका नाहीतर पट्टा मारायचे, आठवतं? आमच्या पिढीला ती दृष्ट लागू नये म्हणूनची तीट वाटायची.

आणि हो, मोटरसायकलचा दिवा दिवसाही का जळतो म्हणून अजून लोक हाताची मूठ उघडझाप करून खुणावतात. भाऊ, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआपच लागतो. त्याला बटणच नाही. खुणावू नका, तो बिचारा दोन्ही हात सोडून गाडी तपासायला लागतो.

करायचं काय? पोती मागं टाकली की गाडीचं नाक वर होतं, हे तर मी सांगितलंच. एका अंशानं जरी वर झालं, तरी १५० फुटांवर उजेड अडीच फुटांहून जास्त वर चढतो. नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास ० ते ३ आकड्यांचं एक चाक असतं. मागं वजन असलं की आकडा वाढवायचा, लाइट खाली येतो. कित्येकांनी गाडी घेतल्यापासून त्याला बोट लावलेलं नसतं. आणि उजेड कमी वाटतो तेव्हा आधी पुढची काच आतून पुसा, ओल्या वर्तमानपत्रानं. आतला धुरकट थर गेला की निम्मी तक्रार मिटते. हेडलाइटची प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर तीही घासून घ्या. बल्ब कंपनीचाच, काच स्वच्छ, रोख खाली. झालं, पुन्हा सांगून झालं.

समोरच्याचा उजेड डोळ्यावर आलाच, तर त्याच्याकडं टक लावून पाहू नका. नजर डाव्या कडेला ठेवा आणि गाडी हळू करा. उलट अप्पर मारायचा मोह होतो. मला तर फार व्हायचा.

आता मी शहाणा झालोय असं म्हणण्याची सोय नाही. अजूनही समोरून गाडी आली आणि माझा हात दांडीकडं जायला जरा उशीर झाला, की बाजूच्या सीटवरून आवाज येतो, "अहो, बंडी आली."

नमस्कार.