ग्रीन टी पिऊन हाडं बळकट होतात का?

नमस्कार मंडळी. घरात कोणाचा तरी डेक्सा स्कॅनचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट खराब येतो, आणि लगेच फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो की ग्रीन टी सुरू करा, हाडं वाढतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आता हे अगदीच हवेतलं नाहीये बरं का.

2009 मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या टीमने ग्रीन टीमधली तीन कॅटेचिन्स, म्हणजे चहाच्या पानातली नैसर्गिक रसायनं तपासली. आपल्या हाडांत ऑस्टिओब्लास्ट म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी आणि ऑस्टिओक्लास्ट म्हणजे जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी, दोघींचं काम आयुष्यभर चालूच असतं, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटलं की खरवडणाऱ्यांचा जोर वाढतो. तर त्यांनी उंदराच्या हाडाच्या ट्यूमरपासून वाढवलेल्या, बांधणाऱ्या जातीच्या पेशी घेतल्या, त्यांच्यावर काही दिवस ही कॅटेचिन्स सोडली, आणि त्यांपैकी एपिगॅलोकॅटेचिनने हाडवाढीला लागणाऱ्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचं काम 79 टक्क्यांपर्यंत वाढवलं. पेशींभोवती खनिजंही जास्त साठली, आणि वेगळ्या प्रयोगात खरवडणाऱ्या पेशी कमी तयार झाल्या. भारीच की!

पण 79 टक्के कशाचे? एका एन्झाइमचे, तेही प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींमधल्या. ग्रुपवर पोचेपर्यंत त्याचं "हाडं 79 टक्के मजबूत" होतं. खरी गोम डोसमध्ये आहे. खरवडणाऱ्या पेशी रोखायला बशीत साधारण 10 मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती दाट आहे ते मोजायचं एकक) एपिगॅलोकॅटेचिन होतं, आणि आपण दोन-तीन कप प्यायलो तर रक्तात ते जेमतेम एक मायक्रोमोलरच्या आतबाहेर जातं, तेही काही तासांपुरतं, आणि त्यातलंही बरंचसं आतडं आणि लिव्हर बदलून टाकतात, म्हणजे हाडापर्यंत मूळ माल पोचतो कितीसा?

मग माणसांवर बघितलं का, तर हो. टेक्सासमध्ये पाळी गेलेल्या, हाडं थोडी विरळ झालेल्या 171 बायकांवर सहा महिने प्रयोग झाला, काहींना रोज 500 मिलिग्रॅम ग्रीन टी पॉलिफेनॉल्स (कॅटेचिन्स ज्यात मोडतात तो रसायनांचा गट), काहींना ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम, काहींना दोन्ही, आणि रक्तातले हाडांचे काही मार्कर, म्हणजे हाडांची बांधणी-झीज सुचवणारे घटक सुधारले. मार्कर हं, हाडांची घनता नव्हे. घनता मिनेसोटामधल्या ट्रायलमध्ये मोजली, वजन जास्त असलेल्या बायकांना वर्षभर भरपूर डोसचं एक्स्ट्रॅक्ट देऊन, आणि तिथे काहीच फरक पडला नाही. माझ्या मते सध्या जास्त वजन या निकालाला द्यावं.

आणि आपला दूध-साखरेचा उकळलेला सीटीसी चहा यात धरू नका, काळी पत्ती बनताना बहुतेक कॅटेचिन्सचं रूप पालटलेलं असतं. ग्रीन टी आवडत असेल तर खुशाल प्या, फक्त जेवणाला लागून नको, त्याने जेवणातलं लोह कमी शोषलं जातं, आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी तर हे पाळाच. कॅप्सूलची गोष्ट मात्र वेगळी, युरोपच्या फूड सेफ्टी ऑथॉरिटीने 2018 मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून ईजीसीजी (ग्रीन टीमधलं आणखी एक कॅटेचिन) रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हरवर ताण दिसतो, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता ती डबी ऑनलाइन मागवू नका.