मेजर स्केल: कुठे पाऊल, कुठे अर्धं पाऊल

[दृश्य: कीबोर्ड. एकच बोट पांढऱ्या पट्ट्यांवरून पुढे सरकतंय.]

सा रे ग म प ध नी सा. पांढरी एकपासून (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी, इंग्रजीत सी) निघायचं, काळ्यांना हात लावायचा नाही, की झालं मेजर स्केल. आपल्याकडच्या बिलावल थाटाचे, म्हणजे सगळे शुद्ध, सूर हेच. इतकं जमलं की पुष्कळांना वाटतं, स्केल आलं.

आता जरा काळ्या पट्ट्यांकडे बघा. ग आणि म यांच्या मध्ये काळी नाही. नी आणि वरचा सा यांच्या मध्येही नाही. बाकी प्रत्येक जोडीत आहे. म्हणजे डोळ्यांना सारखं दिसणारं अंतर कानाला सारखं नसतं. मध्ये काळी असेल तर पूर्ण पाऊल, नसेल तर अर्धं. पूर्ण, पूर्ण, अर्ध. पूर्ण. पूर्ण, पूर्ण, अर्ध. स्केल म्हणजे हा हिशोब. पांढरी दोनला सा धरून नुसत्या पांढऱ्या वाजवा. गंधार (ग) आणि निषाद (नी) दोन्ही कोमल, म्हणजे अर्ध्या पावलाने खाली, लागतील. ते शुद्ध हवेत तर काळी तीन आणि काळी एक घ्यावीच लागेल.

[दृश्य: उजवा हात, अगदी जवळून.]

बोटं पाच, सूर आठ. म्हणून सा, रे, ग वाजवून झाले की अंगठा मधल्या बोटाखालून मध्यमावर, म्हणजे म या सुरावर, न्यायचा. खरी अडचण इथे येते. अंगठा उशिरा निघाला की कोपर बाहेर पडतं आणि मध्यम ठोकल्यासारखा वाजतो. रे वाजत असतानाच अंगठा आत सरकायला लागला पाहिजे. पियानोवादक-संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला बी मेजर (बी हा सा धरून, पाचही काळ्या लागणारं) देत असे, नुसत्या पांढऱ्यांचं सी मेजर अगदी शेवटी. बी मेजरमध्ये लांब बोटं काळ्यांवर आपसूक बसतात आणि अंगठ्याला वाट मिळते. वाचायला सोपं ते हाताला सोपं असेलच, असं नाही.

[दृश्य: गिटारची एक तार.]

गिटारवर एक फ्रेट (तारांखालच्या आडव्या पट्टीने पाडलेला घर) म्हणजे अर्धं पाऊल. एकाच तारेवर आधी मोकळी (बोट न लावता), मग फ्रेट 2, 4, 5, 7, 9, 11, 12. चौथा-पाचवा शेजारी, अकरावा-बारावा शेजारी. बऱ्याच ठिकाणी थेट सहा तारांवरचा आकार पाठ करून घेतात. त्याआधी एकदा तरी हे असं आडवं वाजवावं, अंतरं डोळ्यांसमोर येतात.

[दृश्य: व्हायोलिन.]

इथे फ्रेटच नाहीत. मोकळी डी तार सा. मग पहिलं, दुसरं, तिसरं बोट. त्यातलं दुसरं आणि तिसरं एकमेकांना चिकटलेलं. पुढची ए तार मोकळी वाजवली की पंचम, आणि पुन्हा तीच बोटं, तशीच. एका तारेवर बसलं की दुसरीवर वेगळं काही शिकायचं उरत नाही.

[दृश्य: सहा भोकांची बासरी.]

वरची तीन भोकं बंद, सा. दोन बंद, रे. एक बंद, ग. आता तेही उघडलं तर? लागतो तीव्र मध्यम, म्हणजे अर्ध्या पावलाने चढा म! शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धंच झाकायचं, आणि लगेच पंचमाला सहाही बंद करून फुंकेचा जोर वाढवायचा. नवशिक्याचा मध्यम बहुतेक वेळा चढा लागतो, कारण तो बोट उचलतो. बोट उचलू नका, कडेला कलवा. तानपुरा लावून आधी नुसतं ग-म, ग-म करत राहा. मध्यम स्थिर झाला की मग पंचमाकडे जा.