चोर्ला घाटातला पिवळा दिवा

नमस्कार श्रोतेहो. चवथ जवळ आली की आपल्याकडच्या जुन्या गाड्याही गावाच्या वाटेला लागतात. म्हणून आज डॅशबोर्डवरच्या दोन दिव्यांविषयी बोलतो. लाल दिवा ब्रेकचा, पिवळा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा.

लाल लागला तर हँडब्रेक पूर्ण सुटलाय का ते पाहा. सुटलाय आणि दिवा तसाच, तर गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडा, ब्रेक ऑइल बघा. ते कमी झालंय म्हणजे पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. नुसतं वरून ऑइल ओतून निघू नका.

पिवळा एकटाच लागला, तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं. पावसात अंतर ठेवून चालवा आणि गाडी दाखवून घ्या.

माझे मामा वाळपईचे. बेळगावहून चोर्ला घाट उतरताना त्यांच्या जुन्या गाडीचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजवाल्यानं चाकाकडे न बघताच एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. मामा हबकले. मग आम्ही गावातल्या मेस्त्रीकडे गेलो. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "काका, गाडी थांबता थांबता पायाखाली काही जाणवतं?"

"हो रे, अगदी शेवटी पेडल थरथरतं. घर्रर्र आवाज येतो. कोरड्या रस्त्यावरसुद्धा."

"चला, एक फेरी मारू."

मामा चालवताहेत, मेस्त्री शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, मी मागून डोकावतोय. पडद्यावर चारही चाकांचा वेग. ब्रेक दाबला की तीन आकडे एकसारखे उतरायचे, पण पुढच्या डाव्या चाकाचा मध्येच कोसळायचा आणि परत वर यायचा.

परतल्यावर त्यानं जॅक लावून चाक काढलं. आत अ‍ॅक्सलवर दात्यांची कडी असते, समोर सेन्सर. दाते मोजून वेग कळतो. त्यानं लाल चिखल पुसला, टॉर्च धरला आणि कडी हळूहळू फिरवत तिच्यावर नख टेकवून ठेवलं. एका जागी नख अडकलं. खालच्या गंजानं कडी तडकली होती! तिथे दोन दात्यांमधलं अंतर वाढलं, म्हणून कॉम्प्युटरला वाटायचं चाक जाम होतंय, आणि तो त्या चाकाचा ब्रेक सैल करायचा. कडी बदलली, दिवा गेला. युनिटला काहीच झालं नव्हतं. आधी विचारणारा, मग पाना उचलणारा मेस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

आणि घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात. त्यात ब्रेक ऑइल आपल्या दमट हवेतलं पाणी शोषतं आणि लवकर उकळतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. दर दोन वर्षांनी बदला.

पुन्हा सांगतो. लाल लागला, थांबा. पिवळा एकटाच, जपून चालवत मेस्त्रीकडे. दोन्ही एकदम लागले, तर गाडी पुढे नेऊच नका, कारण मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते.

जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवून बघा. दोन्ही दिवे आधी लागले पाहिजेत. एबीएसचा काही सेकंदांत विझतो, लाल हँडब्रेक सोडल्यावर. पिवळा मुळीच लागला नाही, तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलेला असू शकतो.