वायर कापू नका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रणगाडा-शिरस्त्राणांचा देश आणि वय कसं ओळखावं’. त्याकडे येतोच. तोवर रणगाड्यातल्या सैनिकाची ही टोपी पहिल्या रांगेपासून फिरवत मागे जाऊ द्या. डोक्यावर घालून बघा, हरकत नाही. फक्त कानापाशी वायरीचा तो बोटभर तुकडा दिसतोय ना, तो ओढू नका.

नगरचं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथं लोक तोफेची नळी किती लांब, चिलखत किती जाड, हे विचारतात. मी तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे मला पहिल्यापासून एकच प्रश्न पडायचा : आतल्या माणसांना एकमेकांचं ऐकू कसं येत असेल? दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचं इंजिन म्हणजे बारा सिलिंडरचं, ३८.८ लिटरचं, ५०० अश्वशक्तीचं डिझेल. माणसं त्याच लोखंडी पेटीत, त्याला जवळजवळ पाठ लावून बसलेली. सुरुवातीच्या अनेक टी-३४ मध्ये रेडिओच नव्हता. तो तुकडीच्या प्रमुखाच्या गाडीत. बाकीच्यांनी त्याची निशाणं बघायची. आणि गाडीच्या आत कमांडर खाली बसलेल्या चालकाच्या खांद्यावर बूट दाबून डावं-उजवं सांगायचा. लढाई चालू आहे, आणि बोलायचं साधन काय, तर बूट!

हे डोळ्यांसमोर ठेवून आता हातातली टोपी बघा. जाड कापड, त्यावर कपाळाकडून मानेकडे गेलेल्या दाबून भरलेल्या वळकट्या. ही गोळी अडवत नाही. खाचखळग्यांतून गाडी उसळली की डोकं पोलादावर आपटतं, त्यासाठी या वळकट्या. बाकी सगळी टोपी आवाजासाठी बनली आहे. कानांवर हेडफोन, आणि गळ्याला बांधायच्या पट्ट्यावर दोन छोट्या डब्या. त्या कंठाच्या दोन्ही बाजूंना टेकतात आणि घशाचं कंपन उचलतात. तोंडासमोर माईक धरला तर त्यात इंजिनच ऐकू येईल. कंठाला टेकवला की माणूस ऐकू येतो. मला ही युक्ती आजही देखणी वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं, की रणगाड्याची टोपी हा त्या गाडीतल्या इंटरकॉमचा सुटा भाग आहे. तिचं गाव आणि वय विचारायचं ते वायरीला.

आता ही टोपी मला कशी मिळाली ते सांगतो, कारण माझी तक्रार तिथंच आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी पितळी समयांच्या ढिगामागे दिसली. कपाळावर लाल तारा लावलेला. विक्रेता म्हणाला, “साहेब, दुसऱ्या महायुद्धातली, रशियन. स्टालिनग्राडची.” मी उलटी केली, तर वायर कानापाशीच साफ कापलेली. विचारलं, ही कोणी कापली? तर म्हणाला, “मीच. लोंबत होती, घाण दिसायची. आता कशी स्वच्छ दिसते बघा!” आणि कापलेली वायर? भंगारात, तांब्याच्या भावानं. मी टोपी घेतली आणि तसाच त्या भंगारवाल्याकडे गेलो. तासभर पोती उपसली. चार टोकांचा प्लग शोधत होतो, सैनिकाच्या छातीवरच्या, बोलताना दाबायच्या स्विचमध्ये बसणारा. नाही सापडला.

ज्या खुणेवरून टोपी ओळखायची तीच खूण टोपी ‘सजवायला’ कापून टाकतात, आणि जिथं काही नव्हतं तिथं तारा टोचतात. कारखान्यातून निघताना या टोपीवर बिल्ला नसतो. हे मी निदान दहा ठिकाणी पाहिलंय, आणि दर वेळी तितकाच जीव तुटतो.

घरी येऊन कानाचा कप्पा उघडला. हेडफोनच्या पाठीवर रशियन अक्षरांत टीए-५६एम, आणि खाली बारीक शिक्का : रोमन नऊ, मग ८१. म्हणजे सप्टेंबर १९८१. टीए-५६एम हे मॉडेलच युद्धानंतरचं. स्टालिनग्राडची लढाई १९४३ च्या फेब्रुवारीत संपली. या हेडफोनला तेव्हा जन्मायला अडतीस वर्षं बाकी होती. मला वाईट वाटलं नाही. १९८१ ची खरी टोपी ही १९४३ च्या खोट्या टोपीपेक्षा कधीही चांगली.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं म्हणतात. बरं, मग पत्रिकेवरचा विषय भराभर घेतो.

आधी प्लग. वायरीच्या टोकाला एकच चार टोकांचा प्लग आणि गळ्याचा पट्टा टोपीलाच जोडलेला, तर सोव्हिएत घराणं. महायुद्धातल्या अमेरिकन टोपीत फक्त हेडफोन. गळ्याचा माईक वेगळा, वेगळ्या पट्ट्यावर. ती १९३८ ची रचना ओळखायला सोपी : फायबरचं कडक कवच, वर हवेसाठी भोकं, अमेरिकन फुटबॉलच्या शिरस्त्राणावरून घेतलेली. खेळाचं सामान बनवणाऱ्या रॉलिंग्जनंही ती बनवली.

मग हेडफोनची पाठ. मॉडेल आणि तारीख तिथंच मिळते. पण सैन्याच्या डेपोत जुन्या टोपीला नवे हेडफोन लावतात, तेव्हा अस्तरावरचं साल आणि हे साल दोन्ही लिहून घ्या. फरक निघाला तर खोटेपणा समजू नका, दुरुस्ती समजा.

मग अस्तराचा शिक्का. कवच जवळपास सारखंच, पण पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी, चीन, सगळ्यांनी सोव्हिएत रणगाडे वापरले आणि टोप्याही त्याच घाटाच्या. लिपी बघा. चिनी अक्षरं, जर्मन शब्द, चेक सैन्याच्या तपासणीच्या फुलीसारख्या दोन तलवारी. पंचकोनी सोव्हिएत दर्जाचिन्ह कुठं दिसलं तर १९६७ च्या आधीची वस्तू नाही, कारण ते चिन्हच त्या वर्षी आलं. आत लोकर असेल तर टोपी हिवाळी. त्यावरून वय कळत नाही.

आकार सगळ्यांत शेवटी. इंग्रजांचं चिलखती दलाचं बिनकाठाचं पोलादी शिरस्त्राण घ्या. छत्रीसैनिकाचं आणि मोटारसायकलवरच्या निरोप्याचंही साधारण तेच कवच. फरक पट्ट्यात, निरोप्याच्या मानेवर चामड्याची झडप असते. पट्टा बदलला की बाजारात त्याचा छत्रीसैनिक होतो आणि किंमत वाढते. जर्मनांची १९३४ ची गादी भरलेली काळी बेरे, म्हणजे चपटी गोल टोपी, तर शिरस्त्राणच वाटत नाही.

मागच्या रांगेतले ते गृहस्थ मघापासून पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. आणलंय ना काहीतरी? या, पुढे या. तारा नंतर बघू, आधी वायरीचं टोक दाखवा.