किर्की म्हणजे आपली खडकी

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला आमच्या शेजारच्या आजोबांबद्दल सांगणार आहे. इथं इंग्लंडात पोर्ट्समथला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, वय अठ्ठ्याहत्तर, पण इतकी वर्षं आमचं नुसतं हाय-हॅलो. एक दिवस हातात प्रिंटाऊट घेऊन दारात उभे, म्हणाले तुम्ही इंडियाच्या ना, मग हे किर्की कुठं आलं ते सांगा. इंग्लंडच्या 1881 च्या सेन्ससचं, म्हणजे जनगणनेचं पान होतं, त्यांच्या पणजीच्या नावापुढे जन्मस्थळ लिहिलेलं, ईस्ट इंडीज, किर्की. अहो, माझं माहेर खडकीचं! अंगावर काटाच आला माझ्या, आणि त्या दिवसापासून मी पण त्यांच्याबरोबर त्यांच्या पूर्वजांच्या शोधाला लागले.

त्यांची एक गोष्ट मला फार पटली. कुणी तरी मोठा ॲडमिरल पकडायचा आणि त्याच्याशी आपलं नातं जुळवत बसायचं, असलं काही नाही. सुरुवात स्वतःपासून, मग आईवडलांचा दाखला, मग त्यांच्या आईवडलांचा, आणि कागद हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. इंग्लंड-वेल्सला जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून मिळते, त्याआधीचं सगळं चर्चच्या रजिस्टरात, ती ठेवायचा हुकूम 1538 चा. सेन्ससमध्ये 1841 पासून घरातल्या माणसांची नावं सापडतात, पण त्या वर्षी मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, म्हणजे 34 चा माणूस 30 चा, आणि हे ठाऊक नसलं की आपण भलत्याच माणसाच्या मागे महिनाभर फिरतो, आम्ही फिरलो.

पणजीचे वडील शिपाई. पेन्शनीत निघालेल्या शिपायांचे डिस्चार्जचे कागद लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दफ्तरात, 1760 पासूनचे आहेत, त्यात गाव, उंची, आधीचा धंदा सगळं असतं. यांचे काही केल्या सापडेनात. कारण साधं होतं, नोकरीतच जो गेला त्याला पेन्शन कुठली? मग रेजिमेंटच्या पगाराच्या याद्या बघायच्या, पण त्यासाठी आधी रेजिमेंट कळायला हवी, ती मिळाली पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला पाठवायचे, त्या आता ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत. तिथंच दफनाची नोंद निघाली, कारण कॉलरा. आणि लग्नांच्या पानांवर, जेमतेम तीन महिन्यांनी, त्याच्या बायकोचं दुसरं लग्न, त्याच रेजिमेंटच्या सार्जंटशी! पणजीचं आडनाव इतकी वर्षं का जुळत नव्हतं ते तेव्हा कळलं, पोरगी सावत्र वडलांचं नाव लावत होती. तीन महिन्यांत लग्न केलं म्हणून त्या बाईला कुणी नावं ठेवली तर मला सहन होत नाही. परका मुलुख, पदरात लेकरं, नवरा गेल्यावर पलटणीत बाईला किती दिवस ठेवून घेणार, करणार काय ती?

दुसऱ्या बाजूनं पणजोबांचे वडील खलाशी, व्यापारी जहाजावरचे. रॉयल नेव्हीचा साधा खलाशी असता तर 1853 च्या आधीचं शोधायला जहाजाचं नाव लागलं असतं, कारण हजेरीपट जहाजवार. पण व्यापारी खलाशांना 1845 पासून काही वर्षं सरकारनं नोंदणीची तिकिटं दिली होती, त्या रजिस्टरात हा गडी सापडला. उंची पाच फूट चार इंच, केस तपकिरी, डाव्या दंडावर नांगर गोंदलेला. लिहिता येतं का, तर नाही. त्याचा फोटो नाही, पत्र नाही, कुणा कारकुनानं रकाने भरले म्हणून तो आज आपल्याला दिसतो. आजोबा उठले, टेप आणली आणि किचनच्या चौकटीवर पाच फूट चारला पेन्सिलीनं रेघ मारली. मग बराच वेळ तिच्यासमोर उभे होते, मी चहा ठेवला तरी वळले नाहीत.

त्यांच्या सख्ख्या आजोबांचं, पहिल्या महायुद्धातलं, मात्र काहीच हाती लागलं नाही. सप्टेंबर 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडले त्यात साध्या सैनिकांच्या निम्म्याहून जास्त फायली जळाल्या, वाचलेल्या कागदांच्या पण कडा करपलेल्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा खलाशी सापडतो आणि ज्याच्या मांडीवर वडील खेळले तो सापडत नाही, ह्याचं त्यांना फार लागलंय.

या दिवाळीला मी खडकीला जाणार आहे. वॉर सिमेटरी आहे तिथं, पण ती नंतरच्या महायुद्धांची, कॉलऱ्यानं गेलेल्या त्या शिपायाची कबर काही सापडायची नाही, आजोबांना पण ते माहितीय. म्हणाले, मग नदीचा फोटो आणा, नदी तरी तीच असेल ना. मुळेचा फोटो आणते म्हटलं.