न्यू उल्मच्या लाकडी टाक्या
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: विस्तवातली लालभडक सळई]

सळई विस्तवातून निघते ती थेट ग्लासात. चर्रर्र! बिअरमधली साखर करपते, फेस गोडसर होतो. हिवाळा सरता सरता, ‘बॉकफेस्ट’ या बिअरच्या उत्सवाच्या दिवशी, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या न्यू उल्म गावात शेल ब्रुअरीच्या आवारात हा खेळ रंगतो.

[दृश्य: नदीकाठ, जुनी इमारत]

ऑगस्ट शेल मूळचा जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधला. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातून तो जर्मन वसाहतकऱ्यांबरोबर इथं आला. १८६० मध्ये जेकब बर्नहार्टला भागीदार करून त्यानं कॉटनवूड नदीकाठी ब्रुअरी उभारली. लागर बिअर कित्येक आठवडे गारव्यात मुरावी लागते, आणि हिवाळ्यात नदीवर बर्फ फुकट!

१८६२ मध्ये इथल्या मूळनिवासी डकोटा लोकांशी झालेल्या युद्धात गावाचा मोठा भाग जळाला, ब्रुअरी वाचली. डकोटांना मात्र पुढच्याच वर्षी मिनेसोटातून हाकलून दिलं गेलं.

[दृश्य: १८८५ चा वाडा, बागेतले मोर]

मोर पाहून दचकू नका, ते इथलेच. ऑगस्टनंतर मुलगा ऑटो, त्याच्यानंतर ऑगस्टचाच जावई जॉर्ज मार्टी. १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली, तेव्हा बिनअल्कोहोलची बिअर, सोडा आणि कँडी विकून घर तगलं.

[दृश्य: टाकीच्या फळ्या, जवळून]

आता या पाहा. सायप्रस लाकडाच्या टाक्या, १९३६ च्या. बैलगाडीच्या चाकाला धाव असते तशा लोखंडी पट्ट्यांनी बाहेरून आवळलेल्या. स्टील आलं आणि या अडगळीत गेल्या. लाकूड सुकलं की आकसतं, सांधे उघडतात. पाणी भरून ठेवलं की फुगतं आणि फळ्या पुन्हा एकमेकींना भिडतात. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या सहाव्या पिढीतल्या जेस मार्टीनं त्या परत वापरात आणल्या, त्याही ‘बर्लिनर वाइस’ या आंबट बिअरसाठी. इथं यीस्टच्या जोडीला दह्यासारखा आंबटपणा आणणारे जीवाणू काम करतात. घाई करून चालत नाही. चाखायचं, झाकायचं, थांबायचं. २०१७ मध्ये या टाक्यांसाठी ‘स्टारकेलर’ ही वेगळी जागा खुली झाली.

गल्ला भरतो तो मुख्यतः ‘ग्रेन बेल्ट’वर. हा ब्रँड शेलनं २००२ मध्ये विकत घेतला. ती बिअर स्टीलच्या टाक्यांत होते. तिकडे आमचा कॅमेरा वळलाच नाही.