एफएम खुलं झालं, बातमी मात्र कोंडलेलीच राहिली

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रसारण मुक्त झालं असं आपण सहज म्हणतो. पण काय मुक्त झालं आणि काय नाही, हे रेडिओच्या बाबतीत नेमकं पाहायला हवं. सुरुवात एका क्रिकेट स्पर्धेपासून करावी लागते. १९९३ च्या हीरो कपचे प्रक्षेपणाचे हक्क बंगाल क्रिकेट संघटनेनं एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी वाद पेटला. सरकारच्या हातात १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता. प्रक्षेपणाचा हक्क आमचाच, परवाना द्यायचा की नाही तेही आम्हीच ठरवणार, ही सरकारची भूमिका.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ ला आला. न्या. पी. बी. सावंत यांनी स्वतःच्या आणि न्या. एस. मोहन यांच्या वतीनं लिहिलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि त्यांच्या नियंत्रणासाठी समाजाच्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त संस्था सरकारनं तातडीनं स्थापावी. न्या. जीवन रेड्डी यांनी स्वतंत्र निकालपत्रात आणखी एक गोष्ट बजावली: खासगी केंद्र काढण्याचा मूलभूत हक्क यातून कोणाला मिळत नाही, श्रोत्यांचा आणि प्रेक्षकांचा हक्क महत्त्वाचा. मक्तेदारी सरकारची नको, तशी पैसेवाल्यांचीही नको.

निकालाचं हे दुसरं अंग कोणी फारसं आठवत नाही. अशी स्वायत्त संस्था स्थापण्यासाठीचं १९९७ चं प्रसारण विधेयक संसदेत आलं आणि तसंच बारगळलं. प्रसार भारती त्याच वर्षी अस्तित्वात आली, पण तिच्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवण्याचं काम. लहरींचं वाटप मंत्रालयाकडेच राहिलं. २००४ पासून ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, शिफारशी करतं. त्या स्वीकारायच्या की नाही हे सरकार ठरवतं.

लिलाव मात्र झाले. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ वारंवारिता काढल्या. बोलीत ठरलेलं शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होतं. हिशोब करून पाहा: पहिल्या वर्षी १ कोटी भरणाऱ्याला दहाव्या वर्षी साडेतीन कोटी भरायचे, जाहिराती मिळोत न मिळोत. उत्साहात बोली लावणाऱ्यांपैकी बहुतेक जण मागे फिरले आणि १२ शहरांत जेमतेम २१ केंद्रं उभी राहिली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात चूक सुधारली. प्रवेश शुल्क एकदाच, त्यानंतर ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. केंद्रांची संख्या अडीचशेच्या घरात गेली. म्हणजे धंद्याची अडचण सरकारला कळली आणि पाचेक वर्षांत सुटलीही. बातमीची अट मात्र दोन्ही टप्प्यांत जशीच्या तशी: खासगी एफएमवर बातम्या आणि चालू घडामोडी नाहीत.

याच काळात उपग्रह वाहिन्यांवर चोवीस तास बातम्या चालू झाल्या. वर्तमानपत्रांना बंदी नव्हतीच. खासगी एफएमवरच बातमीला मज्जाव का, याचं सरकारचं मुख्य उत्तर सुरक्षेचं, आणि ते उत्तर टिकत नाही. एफएमचं केंद्र कुठे आहे, कोणाचं आहे, कुठल्या मनोऱ्यावरून बोलतं, सगळं परवान्यावर लिहिलेलं असतं. अफवा पसरवायला याहून गैरसोयीचं साधन सापडायचं नाही.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं दोन फटी ठेवल्या. आकाशवाणीची बातमीपत्रं एक अक्षरही न बदलता पुनःप्रसारित करता येतात. आणि काही माहितीला ‘बातमी नव्हे’ असं मानलं गेलं: वाहतूक, हवामान, सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा व निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्यासारख्या सेवांच्या सूचना, आपत्ती आणि आरोग्याचे इशारे. पण या शेवटच्या गटाला एक शेपूट आहे: स्थानिक प्रशासनानं दिलेल्या माहितीनुसार. उद्या पाणी येणार नाही, हे पालिकेनं कळवलं की सांगता येतं. गेल्या महिन्यात ते किती वेळा आलं नाही आणि का, हे विचारलं की आपण चालू घडामोडींच्या हद्दीत शिरतो. ही हद्द कुठे आखली आहे हे कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे केंद्राचा माणूस अलीकडेच थांबतो. परवाना जाण्याची भीती पुरते, कारवाई करावीच लागत नाही.

सगळी केंद्रं एकसारखी गाणी का वाजवतात, याचं उत्तरही यातच आहे. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळानं गाण्यांचं मानधन केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवलं. गाणी स्वस्त, बातमीदार महाग, आणि बातमी निषिद्ध. मालक दुसरं काय करणार?

सामुदायिक रेडिओकडून, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्रांकडून, अपेक्षा वेगळी होती. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रांना परवानगी मिळाली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर चालते. २००६ च्या नियमांत प्रभावी विकिरित शक्ती (ट्रान्समीटर आणि अँटेना मिळून बाहेर पडणारी) १०० वॉट, अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागाचे आणि ध्वनिमुद्रणं तीन महिने जपून ठेवायची, अशा अटी होत्या. बातम्यांना इथेही बंदी.

१०० वॉट म्हणजे १०० वॉटचा ट्रान्समीटर नव्हे. ५० वॉटचा ट्रान्समीटर आणि केबलमधली घट वजा जाता शक्ती दुप्पट करणारा अँटेना, एवढ्यात काम होतं. सपाट मुलखात दहा-बारा किलोमीटरपर्यंत आवाज जातो. पण एफएमच्या लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत. मधे डोंगराची एखादी सोंड आली की चार किलोमीटरवरच्या वाडीत नुसती खरखर. म्हणून जागा ठरवताना नकाशावर वर्तुळ काढून भागत नाही. अँटेनापासून प्रत्येक गावापर्यंत जमिनीचा उभा छेद काढावा लागतो. पावसाळ्यात नेहमी बिघडतो तो अँटेनाजवळचा केबलचा जोड. त्यात पाणी शिरलं की शक्ती परत ट्रान्समीटरकडे येते, तो स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करतो, आणि स्टुडिओत सगळं ठीक ऐकू येत असताना गावात केंद्र गायब होतं. परावर्तित शक्तीचा आकडा रोज वहीत लिहिला तर हे दोन दिवस आधी कळतं.

पैशांचं बोलायचं तर २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटं झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये. पूर्ण १२ मिनिटं सरकारी जाहिरातींनी भरली तर तासाला ५,३२८ रुपये. भरत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. शिवाय मुख्य जाहिरातदार सरकारच असेल तर केंद्र प्रशासनाला अडचणीचे प्रश्न विचारेल, अशी अपेक्षा बातमीबंदी उठली तरी जपूनच करावी.

सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायनं खासगी एफएमला तासाला १० मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींची मुभा द्यावी, अशी शिफारस केली. पुढच्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांसाठी ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. तो निर्णय मुख्यतः लिलावाच्या राखीव (किमान) किमती आणि ४ टक्के वार्षिक शुल्काचा होता. यातली बरीच शहरं अशी की तिथे दैनिकाची जिल्हा आवृत्ती येते, पण शहराचं स्वतःचं दैनिक नसतं. तिथल्या नगरपरिषदेच्या सभेत काय ठरलं, हे रेडिओवरून कळायचं असेल तर परवान्याच्या करारातलं बातमीबंदीचं कलम आधी बदलावं लागेल. नुसत्या वाहिन्या वाढवून ते होणार नाही.